‘हॅव आय बीन पोन्ड’ : आपली माहिती कुठून फुटली हे सांगणारी सेवा

गुगलवर स्वतःचे नाव टाकून पाहिले की बहुधा आपण स्वतः मांडलेले किंवा एखाद्या संस्थेने उघडपणे प्रसिद्ध केलेलेच समोर येते : एखादा जुना फोटो, महाविद्यालयाच्या निकालाची पीडीएफ, स्पर्धेतील विजेत्यांची यादी. आपण विश्वासाने ज्यांच्या हवाली केली त्या कंपन्यांकडून चोरीला गेलेली माहिती मात्र अशा शोधात दिसत नाही, आणि फसवणूक करणाऱ्यांच्या उपयोगाची असते ती मुख्यतः हीच. तिचा माग काढण्यासाठी ‘हॅव आय बीन पोन्ड’ (साधारण अर्थ, ‘माझी माहिती फुटली आहे का?’) ही विनामूल्य सेवा मी गेली काही वर्षे वापरत आहे. तिच्याविषयी माझे मत अतिशय चांगले आहे. तरीही भारतीय वापरकर्त्यासाठी तिच्यात एक मोठी उणीव आहे, आणि तीही येथे सांगायला हवी.

ऑस्ट्रेलियातील सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी डिसेंबर 2013 मध्ये ही सेवा सुरू केली. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या सुमारे 15 कोटी खात्यांची माहिती त्याच वर्षी फुटली होती, त्या पार्श्वभूमीवर ती आली. सेवेचा वापर अगदी सोपा आहे. आपला ईमेल पत्ता लिहायचा, की तो आजवर उघडकीस आलेल्या ज्या ज्या डेटा गळतींमध्ये सापडला आहे त्यांची यादी कालक्रमाने समोर येते, आणि प्रत्येक गळतीत कोणत्या प्रकारची माहिती गेली (नाव, पासवर्ड, मोबाइल क्रमांक, घरचा पत्ता, जन्मतारीख) हे तेथे नोंदवलेले असते. पुढे कधी नवी गळती सापडली तर ईमेलने कळवण्याची सोयही विनामूल्य आहे, आणि माझ्या मते प्रत्येकाने निदान एवढी नोंदणी तरी करून ठेवावी.

माझ्या जुन्या ईमेल पत्त्यासमोर आलेली यादी वाचून मी अस्वस्थ झालो. एका विक्रेत्याकडून मी पूर्वी कधीतरी एक वस्तू मागवली होती. तो व्यवहार मी विसरूनही गेलो होतो, परंतु माझा पत्ता आणि मोबाइल क्रमांक त्याच्याकडे तसाच पडून होता आणि तेथून तो फुटला. त्या विक्रेत्याने मला याबद्दल एका ओळीनेही कळवले नव्हते. असे घडू शकते, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 2022 च्या निर्देशांनुसार कंपनीने अशी घटना 6 तासांच्या आत त्या यंत्रणेला कळवायची असते. ग्राहकाला कळवण्याचे बंधन त्या निर्देशांत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला आणि त्यात बाधित व्यक्तीला कळवण्याची तरतूद आहे, परंतु त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि ही जबाबदारी प्रत्यक्षात लागू होण्यासाठी कंपन्यांना आणखी 18 महिन्यांची मुदत मिळाली. ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, तेथील नागरिकाला आपली माहिती फुटल्याचे परदेशातील एका संकेतस्थळावरून कळावे, याचे मला फार वाईट वाटते.

या सेवेची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब म्हणजे तिचा संयम. 2021 मध्ये डॉमिनोज इंडियाच्या सुमारे 18 कोटी ऑर्डरींची माहिती फुटली, तेव्हा गुन्हेगारांनी तिच्यावर चक्क एक शोधयंत्र उभारले, आणि कोणाचाही मोबाइल क्रमांक टाकून त्या व्यक्तीने काय मागवले व कोठे मागवले हे पाहता येऊ लागले. हंट यांच्या सेवेतही तीच गळती नोंदवलेली आहे, परंतु तेथे आपल्याला केवळ गळतीचे नाव, तिचा काळ आणि माहितीचे प्रकार एवढेच दिसते. पत्ता किंवा पासवर्ड कोणालाही दाखवला जात नाही. शिवाय ज्या संकेतस्थळावर खाते असल्याचे नुसते उघड होणेही एखाद्याचे आयुष्य विस्कटून टाकू शकते, अशा गळती ‘संवेदनशील’ ठरवून सार्वजनिक शोधातून वगळल्या आहेत. त्या फक्त ईमेलची मालकी सिद्ध करणाऱ्यालाच दिसतात.

असे असूनही एक आक्षेप उरतोच. इतर गळतींच्या बाबतीत कोणीही कोणाचाही ईमेल पत्ता टाकू शकतो, म्हणजे माझी खाती कोठे कोठे होती याचा अंदाज माझ्या शेजाऱ्याला किंवा कार्यालयातील वरिष्ठांना बांधता येतो. ज्यांना हे नको असेल त्यांना आपला ईमेल पत्ता सार्वजनिक शोधातून काढून टाकता येतो.

पासवर्ड तपासण्याचा विभाग स्वतंत्र आहे आणि तो ज्या पद्धतीने बांधला आहे ती समजून घेण्यासारखी आहे. आपण पासवर्ड लिहिला की त्याचे आपल्याच ब्राउझरमध्ये एका गणिती सांकेतिक रूपात रूपांतर होते, आणि त्या रूपाची केवळ पहिली 5 अक्षरे सर्व्हरकडे जातात. त्या 5 अक्षरांनी सुरू होणाऱ्या सर्व फुटलेल्या पासवर्डांची सांकेतिक रूपे सर्व्हर परत पाठवतो आणि जुळणी पुन्हा आपल्याच संगणकावर होते, त्यामुळे आपण नेमका कोणता पासवर्ड तपासला हे सेवेलाही समजत नाही. विचारणाऱ्याची माहिती न घेता त्याला उत्तर देता येते, हे इतक्या स्वच्छपणे करून दाखवणारी दुसरी सार्वजनिक सेवा माझ्या पाहण्यात नाही.

आता उणिवेविषयी. ही सेवा ईमेल पत्त्याभोवती उभी आहे, आणि आपल्याकडे माणसाची ओळख मोबाइल क्रमांकाला जोडलेली असते. बँक, आधार, यूपीआय, किराणा दुकानाचे बिल, सोसायटीच्या फाटकावरची नोंद, सर्वत्र तोच क्रमांक विचारला जातो. फेसबुकच्या सुमारे 53 कोटी वापरकर्त्यांचे क्रमांक 2021 मध्ये उघड झाले तेव्हा येथे क्रमांकाने शोधण्याची सोय केली गेली होती, परंतु 2025 च्या नव्या मांडणीत ती संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आली. परिणामी ज्यांनी ईमेल पत्ता कधी फारसा वापरलाच नाही अशा माझ्या आईवडिलांच्या पिढीला ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर मिळते आणि त्यातून खोटा दिलासा मिळतो. सातबारा, मतदार यादी, दस्त नोंदणीचे शोध अशा अधिकृत मार्गांनी सर्वांसमोर असलेल्या माहितीचाही येथे पत्ता लागत नाही. अर्थात ते या सेवेचे काम नव्हेच.

सेवा चालवणाऱ्याचा प्रामाणिकपणाही पारखून घ्यावा लागतो, आणि त्याचे उदाहरण उपलब्ध आहे. मार्च 2025 मध्ये हंट स्वतः एका बनावट ईमेलला फसले आणि त्यांच्या वार्तापत्राच्या सुमारे 16,000 वर्गणीदारांचे ईमेल पत्ते चोरीला गेले. त्यांनी ते ताबडतोब जाहीर केले आणि ती गळती आपल्याच सेवेत नोंदवली. ग्राहकाला अंधारात ठेवणाऱ्या आपल्याकडील कंपन्यांनी हे पाहावे असे मला मनापासून वाटते.

संकेतस्थळ केवळ इंग्रजीत आहे, म्हणून घरातील ज्येष्ठांसाठी ही तपासणी कोणीतरी शेजारी बसून करावी. यादी हाती आल्यावर आधी ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलावा, दुहेरी पडताळणी सुरू करावी, आणि वापरात नसलेली खाती एकेक करून बंद करावीत. या शेवटच्या कामाला सर्वाधिक वेळ लागतो, कारण खाते हटवण्याचा पर्याय अनेक ॲपमध्ये सहजासहजी सापडत नाही आणि ग्राहकसेवेला लेखी विनंती करावी लागते.