गाडी मस्त, पण एअरबॅगच्या दिव्याचं काय ते बोला

गाडीला चार स्टार, सर्व्हिसला एक, आणि तो एकही पिकअप-ड्रॉपवाला पोरगा वेळेवर आला म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण मग खाली "माझ्या गाडीला तर काही झालं नाही" अशी भांडणं सुरू होतात आणि मूळ विषय राहतो बाजूला.

चालवायला गाडी झकास आहे. पिकअप, सस्पेन्शन, एसी, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. माझी तक्रार फक्त डॅशबोर्डवरच्या त्या दिव्याची, सीटवर माणूस आणि समोर फुगा असं चित्र असतं ना तो. इग्निशन ऑन केलं की तो लागतो, सिस्टिम स्वतःला तपासते आणि काही सेकंदांत विझतो, हे नॉर्मल. माझ्या गाडीत तो विझायचाच बंद झाला. आधी अधूनमधून, वळण घेतलं की लागायचा, नंतर कायमचाच.

सर्व्हिस सेंटरला नेली तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "काही नाही सर, सेन्सर आहे, होतं कधीकधी, रिसेट करून देतो." स्कॅनर लावला, बिघाडाचा नोंदलेला कोड उडवला, दिवा गेला, वर हसून म्हणाला बघा झालं. आणि घरी पोचायच्या आत परत हजर. पुन्हा नेली, पुन्हा रिसेट. आता मला सांगा, ताप आलाय आणि तुम्ही थर्मामीटर झटकून खाली आणताय, तर पेशंट बरा झाला का? आणि दिवा लागलेला असताना बहुतेक गाड्यांत सिस्टिम स्वतःला पूर्ण किंवा अर्धवट बंद करून घेते, म्हणजे धडक झालीच तर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. ही गोष्ट त्या माणसाने मला एकदाही सांगितली नाही, मीच मॅन्युअलमध्ये वाचली, आणि माझा खरा राग यावर आहे.

त्यातच हॉर्न कधी वाजायचा कधी नाही, स्टेअरिंगवरची व्हॉल्यूमची बटणंही मेली. मी हे जॉबकार्डवर लिहायला लावलं होतं तरी दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या धरल्या गेल्या. शेवटी दुसऱ्या वर्कशॉपमधल्या एका वयस्कर मेकॅनिकने नुसतं ऐकूनच सांगितलं, क्लॉक स्प्रिंग गेलीये. स्टेअरिंगच्या मागे गुंडाळलेली चपटी वायर असते ती, चाक फिरलं तरी एअरबॅग, हॉर्न आणि बटणांचं कनेक्शन तुटू नये म्हणून. ती झिजली की हे तिन्ही सोबतच बिघडू शकतात. कोड वाचला तर ड्रायव्हर एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स जास्त, म्हणजे तेच. पार्ट बदलला, विषय संपला. जे एका माणसाला ऐकून कळलं ते स्कॅनर हातात असलेल्यांना का कळू नये?

दिवा लागायचं दुसरं कॉमन कारण म्हणजे पुढच्या सीटखालचे पिवळे कनेक्टर, सीट मागेपुढे करताना किंवा खाली काहीतरी कोंबताना ते सैल होतात. पण ते हलवून बघूया, मल्टिमीटर लावून बघूया असले उद्योग घरी करू नका प्लीज, बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ सिस्टिममध्ये चार्ज शिल्लक असतो.

मग नाद लागला आणि बाकी मालकांच्या तक्रारी वाचत बसलो. सगळ्यात जास्त ओरड एकच, गाडीचा चक्काचूर झाला तरी एअरबॅग उघडली नाही. इथे मी थोडा कंपन्यांच्या बाजूने बोलतो. एअरबॅग पत्रा किती चेपला ते बघत नाही, गाडीचा वेग किती झटक्यात कमी झाला ते बघते, आणि पापणी लवायच्या आत निर्णय घेते. मागून कोणी ठोकलं किंवा समोरच्या ट्रकखाली बोनेट घुसलं तर पुढची एअरबॅग न उघडणं हा दरवेळी बिघाड नसतो. पण म्हणून प्रत्येक मालकाला तेच उत्तर चिकटवणंही बरोबर नाही. 2014 मध्ये जनरल मोटर्सचं जे प्रकरण बाहेर आलं त्यात इग्निशन स्विच चालू गाडीत आपोआप घसरायचा, इंजिन बंद आणि एअरबॅगही बंद. कंपनीच्याच भरपाई फंडाने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले.

आणि एअरबॅग बनवणारी जपानी कंपनी टकाटा, तिचं प्रकरण तर सगळ्यांवर कडी. तिथे एअरबॅग उघडायची, पण फुगवणारा धातूचा डबाच (इन्फ्लेटर) फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. आत अमोनियम नायट्रेट होतं, वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन ते बिघडायचं आणि मग गरजेपेक्षा जास्त जोरात पेटायचं. एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर रिकॉलमध्ये, म्हणजे बदलून द्यायला परत मागवण्यात आले आणि 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. वाईट भाग म्हणजे यात दिवा लागतच नाही, कारण दिवा फक्त वायरिंग आणि सेन्सर तपासतो, डब्यातलं केमिकल कसंय ते त्याला कळायचा मार्गच नाही. म्हणून जुनी गाडी असेल तर चासी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल चेक करा, दिवा विझलाय म्हणून निवांत राहू नका.

आमच्या गाडीत अजून एक कटकट आहे, ती अजून सुटलेली नाही. बाजूच्या सीटवर नीट मोठा माणूस बसला तरी "पॅसेंजर एअरबॅग ऑफ" चा दिवा कधीकधी पेटतो. सीटमधला वजनाचा सेन्सर गंडलाय असं आता सर्व्हिसवालेच म्हणतात, पार्ट मागवलाय म्हणतात, बघू. तोवर घरच्यांना मागे बसवतोय. जाड सीट कव्हर घालायचा सल्ला अ‍ॅक्सेसरीवाल्याने दिला होता तो मात्र फेटाळला, साइड एअरबॅग सीटच्या कडेतूनच फाटून बाहेर येते, त्यावर कव्हर ताणून बसवायचं म्हणजे तिचं तोंडच बांधायचं.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी एक बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा अजिबातच लागत नसेल तर कोणीतरी तो बल्ब काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. काही महाभाग तर उघडलेल्या एअरबॅगच्या जागी रेझिस्टर (एअरबॅग जोडलेली आहे असं सिस्टिमला भासवणारा छोटा पार्ट) जोडतात, दिवा शिस्तीत लागतो आणि विझतो, आत एअरबॅगच नसते. स्टेअरिंगवरचं कव्हर आणि डॅशबोर्डची शिवण जवळून बघा, रंगात किंवा फिटिंगमध्ये जरा जरी फरक दिसला तर पैसे द्यायच्या आधी ते उघडून दाखवायला सांगा, आणि विकणारा कां-कूं करायला लागला तर तिथूनच निघा.