बेटावरचा शूटर घ्यायचाय? फार क्राय, क्रायसिस की फार क्राय ३

माझा मावसभाऊ वेर्ण्याला कारखान्यात कामाला आहे. शिफ्ट संपवून घरी पोचला की त्याच्या हातात दीड-दोन तास उरतात. चवथीच्या सुट्टीआधी त्याने मला विचारलं, "दादा, मोकळ्या बेटावरचा एखादा शूटर सांग. समुद्र पाहिजे, माड पाहिजेत, आणि कुठून जायचं ते माझं मला ठरवता आलं पाहिजे." शूटर म्हणजे बंदुकीच्या लढाईचा व्हिडिओ गेम, आणि अशी मागणी करणारे बरेच भेटतात, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितो.

माझ्या मते नावं तीनच आहेत: २००४चा फार क्राय, २००७चा क्रायसिस आणि २०१२चा फार क्राय ३. यातलं नातं आधी समजून घ्या, नाहीतर नावावरून फसगत होते. पहिले दोन जर्मनीतल्या क्रायटेक कंपनीने बनवले. फार क्राय हे नाव प्रकाशक युबिसॉफ्टकडे राहिलं आणि क्रायटेकने पुढे क्रायसिस काढला. म्हणजे फार क्रायचा सख्खा भाऊ क्रायसिस. फार क्राय ३ युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओचा. आडनाव तेच, पण घर वेगळं.

माझी कसोटी एकच आहे. आम्हा गोव्यातल्या माणसांना माड आणि खाडीचं अप्रूप नाही, ती रोजचीच. त्यामुळे पडद्यावरचं पाणी किती निळं दिसतं यावर मी खेळ ठरवत नाही. टेकडीवर चढलो तर काही नवं कळतं का, पाण्यातून गेलो तर लढाई बदलते का, झाडीचा खरोखर उपयोग होतो का, हे मी बघतो.

फार क्रायची सुरुवात या कसोटीवर पूर्ण उतरते. नायक जॅक कार्व्हर. एका पत्रकार बाईला मायक्रोनेशियातल्या बेटांवर घेऊन आलेला असतो आणि त्याची बोट उडवली जाते. तो पोहत जुन्या युद्धकाळातल्या एका बंकरमध्ये शिरतो, अंधारातून वाट काढत बाहेर येतो, आणि समोर एकदम सगळा किनारा उघडतो. दूरवर जे दिसतं तिथे खरंच चालत जाता येतं, ही २००४ साली फार मोठी गोष्ट होती. दुर्बिणीने एकेक पहारेकरी हेरला की तो रडारवर उमटतो, आणि त्याच दुर्बिणीला मायक्रोफोन असल्यामुळे लांबच्या शिपायांच्या गप्पाही ऐकू येतात. पाच मिनिटं नुसतं बघत बसावं आणि मग उतरावं, ही सवय मला या खेळाने लावली. शत्रू एका जागी उभे राहून मार खात नाहीत, बाजूने फिरून पाठीवर येतात.

पुढे ट्रायजेन नावाचे प्रयोगशाळेत घडवलेले प्राणी येतात आणि खेळ बंद खोल्यांत, बोळांत शिरतो. तिथे तो मला आवडत नाही. शेवटची काही मिशनं तर अंगावर येतात.

यापेक्षा मोठी अडचण म्हणजे सेव्ह. फार क्रायमध्ये हवं तेव्हा सेव्ह करता येत नाही. खेळ स्वतः ठरावीक टप्प्यांवर, म्हणजे चेकपॉइंटला, सेव्ह करतो. मी तो जुलै महिन्यात फोंड्याला घरी खेळत होतो. बाहेर धो धो पाऊस. पाऊण तास सरपटत, एकेक शिपाई टिपत एक अख्खी छावणी रिकामी केली, पुढच्या चेकपॉइंटपासून दोन पावलांवर होतो, आणि वीज गेली. परत आली तेव्हा मी पुन्हा किनाऱ्यावर आणि छावणी पुन्हा भरलेली. घरी यूपीएस नसेल तर पावसाळ्यात हा खेळ लावू नका, हे मी मनापासून सांगतो. लॅपटॉप असेल तर प्रश्न नाही. खेळ जुना असल्यामुळे साध्या लॅपटॉपवरही तो आरामात चालतो.

आता क्रायसिस. यावर मी जास्त बोलणार, कारण जीव त्याच्यावर आहे.

काळ २०२०, जागा लिंगशान नावाची काल्पनिक बेटं. तुम्ही नोमॅड, अमेरिकन तुकडीतला सैनिक. रात्री विमानातून उडी घेता, समुद्रात पडता, चाचपडत किनाऱ्याला लागता. झाडीतून चढत कड्यावर पोचेपर्यंत उजाडतं आणि खाली सगळी खाडी दिसते. अंगात नॅनोसूट असतो आणि त्याच्या चार तऱ्हा: चिलखत, ताकद, वेग आणि अदृश्य होणं. चौघांना ऊर्जा एकच, आणि ती भराभर संपते. खेळाचा सगळा कस या एका गोष्टीत आहे.

एक प्रसंग सांगतो. नदीकाठी चार-पाच झोपड्या, एक जीप, सहा-सात उत्तर कोरियन शिपाई. मी अदृश्य होऊन गवतातून ओणवा पुढे सरकतोय. एक शिपाई वळला आणि थेट माझ्याच दिशेने चालत आला. थांबलो. स्थिर राहिलं की ऊर्जा हळू जाते. तो दोन हातांवर उभा, माझी ऊर्जेची पट्टी उतरतेय. आता तीन वाटा: उठून त्याची मानगूट धरायची, मागे पळायचं, की चिलखत चढवून सरळ तोंड द्यायचं? मी ताकद लावली, उचलला आणि शेजारच्या झोपडीवर फेकला. पत्र्याची भिंत पडली, वरून छप्पर आलं, आत लपलेला दुसरा शिपाई उघड्यावर पडला. हे कोणी आधी रचून ठेवलेलं नव्हतं. झोपड्या मोडतात, झाडावर गोळी जिथे लागेल तिथे ते तुटतं, आणि तुटलेलं खोड खाली येतं. पुढच्या खेपेला तीच वस्ती मी नदीतून पोहत जाऊन घेतली आणि एकही गोळी झाडली नाही. तिसऱ्या खेपेला जीप आत घातली. तीन वेळा तीच जागा, तीन वेगळ्या लढाया.

बंदुकीला सायलेन्सर, दुर्बीण, टॉर्च तिथल्या तिथे लावता-काढता येतो. मूळ खेळात क्विकसेव्ह आहे, हवं तेव्हा एक कळ दाबून सेव्ह करता येतं, म्हणजे विजेचं भय बरंच कमी. सर्वात अवघड पातळी डेल्टा. तीत शत्रू कोरियनमध्येच बोलतात, त्यामुळे ते काय ठरवतायत ते कळत नाही. पहिल्यांदा खेळताना ती घेऊ नका, दुसऱ्यांदा जरूर घ्या.

दोषही सांगतो. अर्ध्यानंतर परग्रहावरचे प्राणी जागे होतात, बेट गोठतं, सगळं पांढरं होतं. दिसायला अप्रतिम, पण मोकळीक जाते. फार क्रायला जी बाधा झाली तीच इथेही झाली. दुसरं म्हणजे संगणक. "यावर क्रायसिस चालेल का?" हा प्रश्न त्या काळात संगणक घेणाऱ्यांच्या तोंडी म्हणीसारखा बसला होता. प्रोसेसरचा एकेक कोर वेगवान होत जाईल या हिशोबाने तो बांधलेला, आणि प्रत्यक्षात कोर वाढत गेले. म्हणून नव्या संगणकावरही गर्दीच्या जागी तो अडखळू शकतो. २०२०ची रीमास्टर्ड आवृत्ती कन्सोलवरही मिळते.

फार क्राय ३ वेगळ्या मातीचा आहे. रूक बेटांवर सुट्टीला आलेला जेसन ब्रोडी आणि त्याचे मित्र चाच्यांच्या हाती सापडतात. चाच्यांचा म्होरक्या वास नावाचा. अभिनेता मायकल मँडोने त्याला असा उभा केलाय की तो पडद्यावर आला की हात थांबतो. इथे बेट मिशनांत कापलेलं नाही, सलग आहे. १८ रेडिओ टॉवर चढून नकाशा उघडायचा, ३४ आउटपोस्ट, म्हणजे शत्रूच्या चौक्या, घ्यायचे, प्राणी मारून त्यांच्या कातड्याची पाकिटं आणि होल्स्टर शिवायचे, पाला गोळा करून औषधाची इंजेक्शनं भरायची.

आउटपोस्ट हा या खेळाचा जीव. टेकडीवर बसून कॅमेऱ्याने एकेकाला टिपायचं, धोक्याची घंटा कुठे आहे ते हेरायचं. पिंजऱ्यात वाघ दिसला तर पिंजऱ्याचं दार गोळीने उडवायचं आणि बघत राहायचं. कोणाला पत्ता न लागता जागा घेतली तर गुण जास्त. एक आउटपोस्ट पंधरा-वीस मिनिटांत होतो, म्हणून दमून घरी आलेल्या माणसाला हा खेळ सोयीचा.

पाण्याकाठी मात्र सांभाळा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, आणि काठावर पाय टाकताना आपण आधी पाण्याकडे बघतो. रूक बेटांवर तीच सवय कामाला येते. मी एकदाच विसरलो आणि मगरीने ओढत नेलं.

याची उणीव क्रायसिसच्या बरोबर उलट आहे. बेट मोकळं, पण कथेची मिशनं घट्ट बांधलेली. ठरवलेल्या जागेबाहेर गेलात की खेळ तुम्हाला परत बोलावतो, ऐकलं नाही तर मिशन फसतं. सगळे आउटपोस्ट घेतले की बेट सुनं पडतं. नंतरच्या एका अपडेटमध्ये ते पुन्हा भरून घेण्याची सोय दिली आहे, ती वापरा. आणि घरात शाळकरी मुलं असतील तर ती झोपल्यावरच लावा. छळ, नशा, शरीरसंबंध, सगळं उघड दाखवलंय. १८ वर्षांखालच्यांसाठी तो नाहीच.

२०२१चा फार क्राय ६ही बेटावरच घडतो, कॅरिबियन समुद्रातल्या. पण फार क्राय ३ आवडला तरच त्याच्याकडे वळा.

आता निवड. रोज तास-दीड तासच मिळत असेल, आणि गोष्टही हवी असेल, तर फार क्राय ३. लॅपटॉप साधा असेल आणि धीर भरपूर असेल तर फार क्राय. संगणक बरा असेल आणि एकच जागा चार तऱ्हांनी घेऊन बघण्यात तुम्हाला रस असेल तर क्रायसिस, आणि माझं मत त्यालाच. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाइतकं बेट दुसऱ्या कुठल्याच खेळाने मला वापरू दिलेलं नाही.

मावसभावाला मात्र मी फार क्राय ३ दिला, कारण त्याच्या हातात वेळ तेवढाच. चवथीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला: सात आउटपोस्ट झाले होते, आणि आठव्याजवळ पिंजऱ्यात वाघ होता.