मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल: औषध चांगले, सूचना अपुऱ्या

हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या मालाचे नसून मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन (म्हणजे अगदी बारीक कण केलेले प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-हार्मोन) या औषधाचे आहे, कारण ठाण्यातल्या मेडिकल दुकानांत ते निरनिराळ्या नावांनी मिळत असले तरी मूळ औषध एकच असते. पाळी गेल्यानंतरच्या गरम वाफा आणि रात्रीचा घाम यांसाठी मी डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचे जेल लावते. गर्भाशय काढलेले नसेल तर नुसत्या इस्ट्रोजेनने त्याचे अस्तर वाढत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका संभवतो, म्हणून जेलच्या जोडीला ही कॅप्सूल घ्यावीच लागते. जेलचा गुण काही आठवड्यांत अंगाला जाणवतो. कॅप्सूलने अस्तर आटोक्यात राहिले हे मात्र कळायला मार्ग नसतो, जाणवतो तो फक्त तिचा त्रास. त्यामुळे पुष्कळ बायका जेल चालू ठेवून कॅप्सूल परस्पर बंद करतात, आणि नेमके तेच सर्वांत धोक्याचे आहे.

माझे मत आधीच सांगते. औषध चांगले आहे, पण ते कसे घ्यायचे हे कोणी धड सांगत नाही, आणि निम्मा त्रास तिथून सुरू होतो.

पहिली आणि मोठी तक्रार गुंगीची. मला ज्या दवाखान्यात ही कॅप्सूल प्रथम लिहून दिली, तिथल्या चिठ्ठीवर ‘दिवसातून एकदा’ एवढेच होते. सकाळच्या नाश्त्यानंतर ती घेऊन ठाणे स्थानकावर गाडी पकडली की मुलुंड येईपर्यंत डोळ्यांवर झापड यायची, आणि कार्यालयात दुपारपर्यंत डोके कापूस भरल्यासारखे राहायचे. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी याचे कारण समजावून सांगितले. तोंडाने घेतलेल्या प्रोजेस्टेरॉनचे यकृतात ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते मेंदूतल्या, झोपेच्या गोळ्या जिथे काम करतात त्याच यंत्रणेवर परिणाम करते. रक्तातली पातळी साधारण एक ते तीन तासांत शिगेला पोहोचते, आणि भरल्या पोटी घेतल्यास औषध जास्त शोषले जाते, म्हणजे गुंगीही जास्त. तेव्हा ही कॅप्सूल रात्री, जेवणानंतर निदान दोन तासांनी, अंथरुणावर पडतानाच घ्यायची. आमच्याकडे मंडळी लोकलने घरी येऊन जेवायला बसेपर्यंत साडेनऊ वाजतात, तेव्हा दोन तासांचे हे अंतर राखणे सोपे नाही. मी स्वतः लवकर जेवून घेऊ लागले आणि घरच्यांनी ते मुकाट्याने मान्य केले.

अशा रीतीने घेतली की तीच गुंगी कामी येते. घामाने वारंवार उठणाऱ्या बाईला सलग झोप मिळणे ही लहान गोष्ट नाही. मात्र सर्दीची गोळी, झोपेची गोळी किंवा मद्य यांच्या जोडीने ही गुंगी वाढते, आणि मध्यरात्री लघवीला उठताना तोल जाऊ शकतो; वयस्कर स्त्रियांनी उशाशी दिवा ठेवावा आणि घाईने उठू नये.

पोट फुगणे, छाती जड होऊन दुखणे आणि डोके दुखणे या तक्रारी मला सुरुवातीच्या आठवड्यांत झाल्या आणि हळूहळू ओसरल्या, त्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. मनाचे मात्र वेगळे आहे. जे द्रव्य बहुतेकींना शांत करते, तेच काहींच्या बाबतीत उलटते आणि चिडचिड, रडू येणे, उगाच धास्ती वाटणे असे प्रकार होतात. पूर्वी पाळीच्या आधी ज्यांना असा त्रास होत असे, त्यांनी तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. ‘वयच तसं आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये, कारण पर्याय आहेत. हीच कॅप्सूल डॉक्टरांच्या सल्ल्याने योनिमार्गे ठेवता येते. औषध थेट यकृतात न गेल्याने गुंगी आणि मनाचा त्रास पुष्कळ कमी होतो. प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करणाऱ्या डायड्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी सहसा झोप येत नाही. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे त्याच प्रकारचे हार्मोन सोडणारी, गर्भाशयात बसवायची कॉपर-टीसारखी वस्तूही अस्तराचे रक्षण करते.

मात्रेचेही दोन प्रकार आहेत. पाळी नुकतीच थांबत आलेली असेल तर साधारणतः महिन्यातले 12 ते 14 दिवस 200 मिलिग्रॅम देतात आणि ते थांबवल्यावर पाळीसारखे अंगावरून जाते. पाळी जाऊन वर्ष उलटले असेल तर बहुधा रोज 100 मिलिग्रॅम. रोजच्या प्रकारात पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात, ते अपेक्षित असते. सहा महिन्यांनंतरही रक्तस्राव चालू राहिला किंवा थांबून पुन्हा सुरू झाला, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहून घ्यावी. 2002 साली अमेरिकेत पाळी गेलेल्या स्त्रियांवर चाललेल्या हार्मोन उपचारांच्या मोठ्या चाचणीचा, इस्ट्रोजेनच्या जोडीला दुसरे औषध देण्याचा भाग स्तनाच्या कर्करोगाच्या वाढलेल्या धोक्यामुळे वगैरे थांबवण्यात आला, त्याची भीती अजून घराघरांत आहे. त्या चाचणीतले जोडीचे औषध मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम औषध होते, हे नव्हे. म्हणून हे निर्धोक आहे असे नाही, पण डॉक्टरांशी बोलताना हा फरक ठाऊक असावा.

आता खरेदीविषयी. आपल्याकडे हे औषध मुख्यतः गरोदरपणात दिले जाते, त्यामुळे नौपाड्यातल्या एका दुकानात मला ‘सुनेसाठी का, काकू?’ असे प्रेमाने विचारण्यात आले. गोखले रस्त्याजवळच्या दुसऱ्या दुकानातल्या मुलीने मात्र काही न विचारता पट्टी कागदी पाकिटात घातली आणि पाकिटावर निळ्या पेनाने चंद्रकोर काढून खाली ‘जेवणानंतर लगेच नको’ असे लिहिले. खोक्यातले पत्रक उलगडले तर हातभर लांब, अक्षर मुंगीएवढे आणि मजकूर इंग्रजीत. त्या चंद्रकोरीची सर त्याला नाही. कॅप्सूल मऊ जिलेटिनची, म्हणजे बहुधा प्राणिज असते, हे काटेकोर शाकाहारी स्त्रियांनी लक्षात घ्यावे. आतले तेल काही कंपन्या शेंगदाण्याचे वापरतात, तेव्हा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये या कॅप्सूल मऊ पडून एकमेकींना चिकटतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवू नयेत. आणि कॅप्सूल संपल्या असल्या की काही दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून एसआर लिहिलेल्या गोळ्या पुढे करतात. त्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या असतात आणि त्यांचा परिणाम कॅप्सूलसारखाच होईल असे नाही, तेव्हा डॉक्टरांना फोन केल्याशिवाय बदल स्वीकारू नये.