टेलिग्राम ग्रुप : कोल्हापूरच्या लिहित्या मंडळींसाठी कितपत कामाचा?

एकमेकांच्या कथा-कविता वाचायला कोल्हापूर, कागल, गडहिंग्लजची मंडळी ऑनलाइन जमवायची असतील, तर टेलिग्राम उत्तम. मुख्य कारण ‘टॉपिक्स’. ग्रुपच्या सेटिंगमध्ये ते सुरू केलं की कविता, कथा, शंका, गप्पा वेगळ्या राहतात. सुप्रभातच्या फुलांखाली कुणाची कथा गाडली जात नाही. नव्या सभासदाला जुने संदेशही दाखवता येतात.

प्रत्येकाला पहिल्याच दिवशी प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर ‘नोबडी’वर ठेवायला सांगा. नंबर उघडा पडेल या धास्तीने अनेक मुली लिहिलेलं दाखवतच नाहीत, म्हणून ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. वाद पेटला तर ‘स्लो मोड’ लावा. मग एकाच सभासदाच्या दोन संदेशांत काही सेकंदांपासून 1 तासापर्यंत अंतर ठेवता येतं.

ओळीओळीवर अभिप्राय देण्यासाठी मात्र टेलिग्राम अपुरं आहे. लांब कथा गुगल डॉक्सवर ठेवून वाचणाऱ्यांना ‘कमेंटर’ एवढाच अधिकार द्या. ‘एडिटर’ दिला की कुणीतरी संवादातलं ‘काय करायलाईस’ पुस्तकी करून टाकतो आणि पात्राचा जीवच जातो. शिवाय टेलिग्राम ग्रुपमधले संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे फक्त पाठवणारा आणि वाचणारे यांनाच उघडता येतील असे) नसतात. अप्रकाशित कादंबरी अख्खी टाकू नका.

ग्रुप 15-20 जणांचाच ठेवा. स्वतःचं टाकण्याआधी दोघांचं वाचून, काय भिडलं आणि कुठे अडखळलो हे लिहायचं, असा नियम पिन करा. नुसत्या अंगठ्यावर लेखक फार दिवस टिकत नाही.