खासगी मैफलींच्या ‘दुर्मिळ’ संग्रहाची विक्री : एका फसवणुकीची हकीकत

हिंदुस्थानी कंठसंगीताच्या जुन्या खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे भरलेली हार्ड डिस्क विकण्याचा एक प्रकार सध्या संग्राहकांमध्ये चालू आहे. अशी एक डिस्क मी १८,००० रुपयांना विकत घेतली आणि तीत जे निघाले ते जवळजवळ सगळे बनावट होते. आवाज खरे होते. पण त्यांच्यावर चिकटवलेली गावे, वर्षे आणि प्रसंग खोटे होते. माझे पैसे गेले त्यापेक्षा या खोट्या तपशिलाने होणारे नुकसान मला फार मोठे वाटते, म्हणून सारे सविस्तर लिहीत आहे.

खासगी मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला रसिक इतके का आसुसलेले असतात, हे आधी सांगायला हवे, कारण विक्रेत्याचा सारा डाव त्यावरच उभा असतो. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी जे करून दाखवले ते थोरच आहे, पण ख्यालाची सावकाश होणारी बढत, म्हणजे राग हळूहळू उलगडत नेणे, तीत बसणे शक्यच नव्हते. पुढे एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडी, आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. तरी रात्र चढत जाताना समोर जाणकार श्रोते बसलेले असताना गवई जे गातो, ते स्टुडिओत क्वचितच सापडते. १९५०च्या दशकापासून हौशी रसिकांच्या घरी स्पूलवर, म्हणजे रिळावर गुंडाळलेल्या चुंबकीय फितीवर, चालणारे टेपरेकॉर्डर येऊ लागले आणि पुणे, मुंबई, धारवाड, कोलकाता अशा ठिकाणच्या कितीतरी बैठका त्यांनी जपून ठेवल्या. मल्लिकार्जुन मन्सूर किंवा कुमार गंधर्व यांचे गाणे आपल्याला आज जेवढे कळते, त्यातला मोठा भाग या अनाम माणसांच्या पदरी आहे. त्यांच्यात ध्वनिमुद्रणे विकण्याची रीत नव्हती आणि आजही नाही. आपल्याकडचे द्यावे, दुसऱ्याकडचे घ्यावे आणि सोबत तपशील नीट लिहून द्यावा, असाच हा व्यवहार चालत आला आहे.

विक्रेत्याने स्वतःची ओळख एका दिवंगत रसिकाचा भाचा अशी करून दिली. बोलणे अत्यंत आदबीचे. “काका, मामांच्या माघारी घरात याची किंमत कुणालाच नाही. तुमच्यासारख्या जाणकाराकडे गेले तर त्यांच्या आत्म्याला समाधान वाटेल. खर्चापुरते पैसे द्या,” असे तो म्हणाला. स्पूलच्या डब्यांची छायाचित्रे आली, हाताने लिहिलेल्या वहीची पाने आली आणि ऐकण्यासाठी तीन नमुने आले. ते तीनही नमुने अस्सल होते आणि माझ्या ऐकण्यात पूर्वी आलेले नव्हते. यादीत थोर गायिका केसरबाई केरकर यांची सलग अडीच तासांची बैठक होती. केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत किती काटेकोर होत्या हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या एका ओळीचे मोल कळेल. पैसे यूपीआयने पाठवले आणि डिस्क कुरिअरने घरी आली.

ती ‘बैठक’ मी सर्वांत आधी लावली. सुरुवातीपासून मागे बारीक टकटक ऐकू येत होती, तबकडीवर चरा पडलेला असला की येते तशी. ती मोजली तेव्हा दर पाऊण सेकंदाला एकदा पडत होती. ७८ आरपीएमची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ०.७७ सेकंद लागतात. स्पूलवर घेतलेल्या मैफलीत ही टकटक येण्याचे काही कारणच नाही. मग लक्षात आले की साधारण तीन-सव्वातीन मिनिटांनी मागची खरखर बदलते, क्षणभर नुसता तानपुरा वाजतो आणि दुसऱ्या पोताची खरखर सुरू होते. बाजारात पूर्वीपासून असलेल्या तबकड्या एकापुढे एक जोडून, सांध्यांवर तानपुरा पसरून, काही तुकडे पुन्हा पुन्हा वापरून ही अडीच तासांची बैठक रचलेली होती.

त्यानंतर मी बाकीचे संशयाने ऐकू लागलो. अमीर खाँसाहेबांचा मारवा राग ‘कोलकाता, खासगी बैठक, १९५८’ अशा नोंदीखाली होता. १९६० मध्ये निघालेली, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली त्यांची एलपी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. दोन्ही शेजारी लावून वेग जुळवला, तेव्हा प्रत्येक मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे), प्रत्येक विराम आणि प्रत्येक श्वास एकावर एक बसला. झुमरा तालाच्या संथ आवर्तनात खाँसाहेब ज्या तऱ्हेने एकेका स्वराला सामोरे जातात, ती बढत कोणताही गवई श्वासासकट जशीच्या तशी दोनदा गात नाही. ख्याल हा त्या त्या वेळी घडतो. तो घोकून म्हटलेला नसतो. विक्रेत्याने एलपीचा वेग किंचित वाढवून आवाज अर्धा सूर वर नेला होता, म्हणजे पेटीवरची काळी एक असेल तर ती पांढरी दोन व्हावी तसा. त्या महान खर्जाचा भारदस्तपणा त्यामुळे निघून गेला होता, याचा मला आजही संताप येतो.

या मारव्यावर श्रोत्यांचे ‘वाहवा’ आणि ‘क्या बात है’ही घातलेले होते. मैफलीत दाद कुठे पडते हे ज्याने बैठकीत बसून अनुभवले आहे, त्याचा कान इथे फसत नाही. गवई बोल घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि तिथे सगळ्यांच्या तोंडून एकदम दाद निघते. किंवा एखादा अनपेक्षित स्वर लागला तर एकदोघांच्या तोंडून नकळत हुंकार येतो. इथे दाद तालातल्या ‘खाली’च्या, म्हणजे बिनजोराच्या मात्रेच्या, आसपास, काहीही घडलेले नसताना पडत होती. पुढे ‘पुणे, १९५६’ आणि ‘इंदूर, १९६१’ अशा नोंदी असलेल्या दोन ध्वनिमुद्रणांत एकच खोकला सापडला. आधी एका वृद्ध गृहस्थाचा कोरडा खोकला, लगेच कपबशीचा किणकिणाट आणि मग एका बाईंचे हलके ‘आहा’, असा तो क्रम दोन्हीकडे तसाच होता आणि मधले अंतरही तेच होते.

ज्यांना यंत्रांची थोडी ओळख आहे त्यांच्यासाठी आणखी दोन खुणा सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि जुन्या घरगुती ध्वनिमुद्रणात तिची मंद घरघर बहुधा शिरलेली असते. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वर्णपट, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचे चित्र, काढला की ती ५० जवळ रेष होऊन दिसते. स्पूलचा वेग कमीजास्त झाल्यानेही ती सरकते, म्हणून एकट्या रेषेवरून निष्कर्ष काढू नये. परंतु वेगवेगळ्या गावांच्या आणि वर्षांच्या म्हणून दिलेल्या चार ध्वनिमुद्रणांत ती बरोबर ५३ वर होती. एकाच माणसाने एकाच बैठकीत सगळ्यांचा वेग अर्ध्या सुराने वाढवल्याशिवाय असे होत नाही. दुसरी खूण अशी की सर्व फायली फ्लॅक स्वरूपात, म्हणजे दर्जा न घटवलेल्या, म्हणून दिलेल्या होत्या. परंतु वर्णपटात १६,००० हर्ट्झच्या वर पट्टीने आखल्यासारखा सगळा भाग कोरा होता. कमी दर्जाच्या एमपी३ फायलीला नुसता फ्लॅकचा वेष चढवला की चित्र असेच दिसते.

काही नोंदी तर ऐकण्याचीही गरज नव्हती. थोर गवई भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले आणि त्यांचा आवाज कोणत्याही तबकडीवर उतरलेला नाही, ही हळहळ महाराष्ट्रात आजही व्यक्त होते. त्यांच्या नावावर इथे दोन चीजा होत्या. एक पाऊण तासाची मैफल ‘१९४४, स्पूलवरून’ अशी होती. त्या काळी चुंबकीय फितीवरचे ध्वनिमुद्रण जर्मनीबाहेर जवळजवळ कुणाला माहीत नव्हते, मग आपल्याकडच्या दिवाणखान्यात ते कुठून येणार?

मला सर्वांत जास्त खुपते ते हे की या फायली आता पसरत आहेत. मुंबईतल्या एका स्नेह्याकडे तोच ‘१९५८’चा मारवा दुसऱ्या मार्गाने आधीच पोचला होता, आणि एका विद्यार्थिनीने तर त्याच्या आधारे एलपीपूर्वीची आणि नंतरची बढत यांची तुलना लिहायला घेतली होती. गवयाची शैली कोणत्या वयात कशी बदलली, पट्टी केव्हा उतरली, कोणती बंदिश त्याच्याकडे कधी आली, हे आपण अशाच नोंदींवरून ठरवतो. नोंद खोटी असली की पुढची सगळी समजूत चुकते, आणि चूक कुठून शिरली ते नंतर कुणालाही शोधता येत नाही.

कुणी असा संग्रह देऊ केला तर नमुना त्याला निवडू देऊ नये. यादीतील कोणत्याही ध्वनिमुद्रणाचा मधला, आपण सांगू त्या मिनिटापासूनचा तुकडा मागावा. तसेच मैफलीची सुरुवात आणि शेवट न कापता मागावेत, कारण तानपुरे जुळवणे, गवयाचे चार शब्द, उठताना होणारी हालचाल, या गोष्टी बनवणे अवघड असते. मूळ स्पूल प्रत्यक्ष यंत्रावर फिरताना पाहण्याचा आग्रह धरावा. मी वहीची पाने नंतर बारकाईने पाहिली, तेव्हा १९५२ आणि १९७८ च्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच हातच्या होत्या. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सशी संबंधित मंडळी तबकड्यांवरील क्रमांकांवरून मूळ ध्वनिमुद्रण ओळखण्यात वाकबगार आहेत, त्यांना विचारावे. मुंबईचे एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आणि संगीत नाटक अकादमी यांच्या संग्रहांत बसून ऐकण्याची सोय होते का, याचीही चौकशी करावी. तिथला तपशील जबाबदारीने लिहिलेला असतो.

विक्रेत्याला मी पुरावे पाठवले, त्यावर त्याने ‘मामांनीच तसे लिहिले होते’ एवढे उत्तर देऊन नंबर बंद केला. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली असून पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली अर्ज दिला आहे. पैसे परत आलेले नाहीत. ज्यांच्याकडे या फायली गेल्या आहेत असे कळले, त्यांना प्रत्येक फायलीचा खरा उगम, जिथे सापडला तिथे, लिहून पाठवला आहे. काही महिन्यांनी तीच यादी, मामांच्या जागी आजोबा घालून, नागपूरच्या एका परिचितांकडे आली. तिच्यात केसरबाईंची बैठक आता तीन तासांची झाली आहे.