'द बिगिनिंग ऑफ इन्फिनिटी': आमच्या वाचकगटातील पडसाद

डेव्हिड डॉइच या भौतिकशास्त्रज्ञाचे २०११ साली प्रकाशित झालेले हे पुस्तक ठाण्यात मासुंदा तलावाजवळ जमणाऱ्या आमच्या वाचकगटाने तीन महिने घेऊन वाचले, आणि इतकी मतभिन्नता क्वचितच कुठल्या पुस्तकाने निर्माण केली असेल. समस्या अटळ आहेत, पण योग्य ज्ञान मिळवले तर त्या सुटू शकतात, हा त्याचा गाभा. मला सर्वांत मोलाचे वाटले ते चांगल्या स्पष्टीकरणाविषयीचे विवेचन. चांगल्या स्पष्टीकरणातला तपशील मनाला येईल तसा बदलता येत नाही, असे लेखक म्हणतो. ऋतू का बदलतात हे सांगणारी ग्रीक पुराणकथा कशीही बदलता येते. परंतु पृथ्वीचा आस कललेला आहे, या स्पष्टीकरणातला एक धागा ओढला तरी सगळेच उसवते, आणि दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे का, याचेही उत्तर त्यातूनच मिळते.

ही चर्चा चालू असताना गटातील एका ज्येष्ठ काकूंनी पदर सारून दंडावरचा देवीच्या लशीचा वाटोळा वण दाखवला. ज्या रोगाला आपण देवीचा कोप समजून नैवेद्य दाखवत होतो, त्याचे जगातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. "माझ्या नातीच्या दंडावर हा वण नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

आक्षेपही आले, आणि ते रास्त होते. ज्ञान वाढले तरी ते खाडीकाठच्या वस्तीपर्यंत कोण पोहोचवणार, या प्रश्नाला लेखकाने पुरेशी जागा दिलेली नाही. बहुविश्वांवरचे, म्हणजे आपल्या विश्वाबरोबर इतरही अनेक विश्वे आहेत या कल्पनेवरचे प्रकरण तर विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्यांनी पहिल्या वाचनात खुशाल बाजूला ठेवावे. तरीही पुस्तक अवश्य विकत घ्यावे, आणि शक्यतो दोघा-तिघांनी मिळून वाचावे.