अँटेना चार, पण पाहायचं ते सेटिंगचं पान

राउटरच्या खोक्यावर वेगाचे आकडे मोठ्या अक्षरांत छापतात आणि अँटेनांचा फोटो त्याहून मोठा. पण वस्तू घेतल्यावर डोकं खातं ते आतलं एक पान, ज्याला कुठे ‘इंटरनेट’ म्हणतात, कुठे ‘वॅन’ (राउटरची बाहेरच्या इंटरनेटकडची बाजू). आमच्याकडच्या या ड्युअल बँड राउटरचं वायफाय उत्तम चालतं, आतल्या खोलीतही व्हिडिओ अडकत नाही. त्याबद्दल एवढं पुरे.

पहिली तक्रार अ‍ॅपबद्दल. ‘ऑटो डिटेक्ट’ दाबलं की क्षणभर गोल फिरतं आणि हिरवी खूण येते : ‘डायनॅमिक आयपी, सर्व ठीक’. नेट चालूही होतं. पण स्टेटसच्या पानावर वॅनचा पत्ता 192.168 ने सुरू होणारा दिसला, तेव्हा खरा प्रकार कळला. फायबरचा डबा स्वतःच राउटर होऊन बसला होता आणि हा त्याच्या मागे दुसरा. म्हणजे डबल नॅट, घरातल्या पत्त्यांचा बाहेरच्या पत्त्याशी मेळ घालायचं काम दोनदा. ब्राउझिंगला फरक पडत नाही, पण बाहेरून घरचा कॅमेरा बघायचा किंवा गेमसाठी पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडायचं म्हटलं की दोन्हीकडे खटाटोप. वरून दोघांचा पत्ता 192.168.1.1 असल्यामुळे नव्या राउटरने गुपचूप स्वतःला 192.168.0.1 करून घेतलं. समजूतदारपणा म्हणायचा, पण निदान सांगायचं तरी! जुना पत्ता पक्का करून ठेवलेला प्रिंटर बिचारा गायब.

फायबरचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरगिरी सोडून नुसतं कनेक्शन पुढे देण्यावर, टाकून घेतला, अ‍ॅप बाजूला ठेवलं, केबल लावून लॅपटॉपच्या ब्राउझरमधून आत गेले. इथून मात्र हा राउटर आवडायला लागला. कनेक्शनचा प्रकार निवडायला डायनॅमिक (पत्ता आपोआप मिळतो), स्टॅटिक (पत्ता आपण भरायचा), पीपीपीओई (लॉगिन करून जोडायचं) असे पर्याय सरळ समोर. पीपीपीओई निवडलं की युजरनेम-पासवर्डचे दोन रकाने, आणि पासवर्डशेजारी डोळ्याचं चिन्ह. इंटरनेट कंपनीने दिलेल्या कागदावर शून्य आणि ओ सारखेच दिसत असतील तर त्या चिन्हाची किंमत कळते.

सगळ्यात आवडलं ते याचं चूक सांगणं. जुन्या राउटरवर काहीही बिघडलं तरी एकच उत्तर : ‘डिस्कनेक्टेड’. हा दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. ‘सर्व्हरकडून प्रतिसाद नाही’ म्हणजे प्रश्न केबलचा, ब्रिज मोडचा किंवा व्हीएलएएनचा (एकाच केबलवरची वाहतूक क्रमांक लावून वेगळी ठेवायची सोय). ‘युजरनेम किंवा पासवर्ड नाकारला’ म्हणजे पलीकडे सर्व्हर आहे, फक्त तो तुम्हाला ओळखत नाही. कस्टमर केअरला फोन केल्यावर ‘बंद करून चालू करा’ ऐकण्याआधीच नेमकं काय विचारायचं ते हातात असतं.

एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) आपोआप 1492 भरला जातो, आणि तो बरोबर आहे. इथरनेटच्या 1500 बाइटांतले 8 पीपीपीओईच्या वेष्टनात जातात. काही साइट अर्धवट उघडत असतील तर विंडोजवर ‘तुकडे करू नका’ सांगून 1464 बाइटांचा पिंग (चाचणीचा संदेश) मारून बघा. त्यात 28 बाइटांचे हेडर धरले की बरोबर 1492 होतात.

आता डोकं फिरवणारी गोष्ट. आमच्या कंपनीला व्हीएलएएन क्रमांक लागतो आणि तो टाकायची जागा इंटरनेटच्या पानावर नाहीच. ती आहे ‘आयपीटीव्ही’ (इंटरनेट लाइनवरून येणारा टीव्ही) नावाच्या मेनूत! आमच्या घरी आयपीटीव्हीचा पत्ता नाही, तिथे कोण कशाला जाईल? आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) सुद्धा वेगळ्या पानावर आणि मुळात बंद. चालू करताना ‘तेच पीपीपीओई सत्र वापरा’ हा पर्याय निवडला की काम होतं, पण ते आपणच हुडकायचं.

कनेक्शन मोड मुळातच ‘ऑटो’वर आहे, तो तसाच राहू द्या. ‘ऑन डिमांड’मध्ये थोडा वेळ वापर नसला की कनेक्शन सुटतं. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हाताने देता येतो, मी 1.1.1.1 आणि 9.9.9.9 टाकलेत. मॅक क्लोनचं (जुन्या उपकरणाच्या ओळखक्रमांकाची नक्कल करायचं) बटण आहे, जुन्या उपकरणालाच ओळखणाऱ्या कंपन्यांसाठी उपयोगी. आणि पीपीपीओई जोडल्यावरही वॅनचा पत्ता 100.64 ते 100.127 मध्ये दिसला तर राउटरला शिव्या देऊ नका. कंपनीने एकाच पत्त्यावर बरीच घरं बसवलेली असतात, आपण पोर्ट उघडून उपयोग नाही.

‘सेव्ह’ केल्यावर फक्त कनेक्शन पुन्हा जोडलं जातं, अख्खा राउटर रीस्टार्ट होत नाही. मात्र भरता भरता कुणाशी बोलत बसलात तर लॉगिन सुटतं आणि भरलेलं सगळं जातं. सगळं जमलं की सेटिंगची बॅकअप फाइल तेवढी उतरवून घ्या.

पाचपैकी साडेतीन तारे. व्हीएलएएनचा रकाना योग्य पानावर आणला की चार करीन, अ‍ॅपसाठी वेगळे द्यायची इच्छा नाही.